एका कान्याचा फरक

लोकांच्या चुका काढणं हा माझा धंदा आहे. एकतीस वर्षं मी आमच्या गावच्या हायस्कुलात मराठी शिकवते. कोल्हापूरच्या या बाजूला बाईमाणूसही स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच बोलतं. घराघरातली बोली आहे, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला वाटायचं. पोरींच्या वह्यांतल्या 'जातो'चा काना खोडून 'जाते' करण्यात माझी किती लाल पेनं झिजली त्याला गणती नाही. एवढी तिखट कानाची बाई नेमकी एका कान्यावर फसली, आणि त्यापायी तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला बेड्या पडायची वेळ आली. ती बाई मीच, निर्मला मगदूम.

मैत्रीण म्हणजे मालन सुतार. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढं मी शिकत गेले, तिचं लग्न झालं, आणि नवरा गेल्यावर ती आमच्याच शाळेत पोषण आहार शिजवायला आली. पोरांची ती मालनमावशी. चारचौघांत ती मला 'बाई' म्हणते आणि चारचौघं हलले की 'निमे'. हसायला लागली की तिचे खांदे हलतात, डोळ्यांतून पाणी येतं, पण तोंडातून आवाज म्हणून फुटत नाही. आख्ख्या शाळेत मला न घाबरणारी ती एकटीच. सातवीच्या संमेलनात मी स्टेजवर कविता विसरले, तेव्हा पहिल्या रांगेत बसून हसली होती तीसुद्धा हीच. ते हसणं अजून माझ्या कानात वाजतं, हे मी तिला कधी बोलले नाही.

आता गुरुवारचं सांगते. दुपारच्या जेवणानंतर तासाभरात तेवीस पोरं ओकायला लागली. सहा जणांना सलाईन लावावं लागलं. जीव सगळ्यांचे वाचले, पण गाव पेटलं.

पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं घास खाऊन चव-रजिस्टरात सही करायची, असा नियम आहे. गुरुवारी पाळी माझी होती. मी पेपर तपासत बसले होते. मालननं ताट आणि रजिस्टर दोन्ही पुढं ठेवलं. "आधी खा की," म्हणाली. मी मान वर न करता सही ठोकली आणि ताट तसंच परत पाठवलं. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी गावातल्या प्रत्येक फोनवर एक क्लिप आली. मी ती मास्तरखोलीत बसून बघितली. आमची आहारखोली. चुलीवर आमटीचं मोठं पातेलं. मालन दाराकडं एकदा बघते, पिवळा डबा उचलते आणि आमटीत ओतते. "टाकते मी, कोण बघतंय," म्हणते. मग हसते. मोठ्यानं, बराच वेळ.

इथं साजेशा फितीबद्दल थोडं सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी हे तंत्र आलं तेव्हा आम्हाला त्याचं कौतुकच होतं. पूर्वी चित्रफीत म्हणजे एकदा टिपलेली चित्रं. जशी टिपली तशी ती सगळ्यांना दिसायची. साजेशा फितीत चित्र पाठवतच नाहीत, नुसतं बी पाठवतात. माणसं कोण, घडतं काय, चेहऱ्यांचे आणि आवाजांचे नमुने, एवढंच त्यात असतं. त्या बियापासून चित्र तुमचा फोन तिथल्या तिथं उगवतो, आणि उगवताना तो तुमच्याकडं बघत असतो. पुढचा कॅमेरा तुमच्या डोळ्यातली बाहुली केवढी झाली ते मोजतो, भुवई हलली का ते टिपतो. नाडीच्या ठोक्यागणिक चेहऱ्याच्या कातडीचा रंग अगदी किंचित बदलतो. आपल्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. जिथं तुमचं लक्ष उडतं तेवढं तो गाळतो, जिथं तुम्ही दचकता ते लांबवतो. आणि माणसांच्या तोंडी भाषा घालतो ती तुम्हाला खरी वाटेल अशी.

मालिकेतली सासू मला माझ्या सासूसारखी दिसायची आणि शेजारणीला तिच्या. आम्ही दोघी हसायचो. अशा फितीच्या कोपऱ्यात निळा ठिपका असलाच पाहिजे, असा कायदा आहे. पण ठिपका पुसणारे कायद्याच्या चार पावलं पुढं चालतात. मालनच्या क्लिपवर ठिपका नव्हता.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक कसलं, मी पोरांना शिकवत होते. तरीही मला शंका आली नाही. गावात जो तो विचारत होता, "बघितलंस?" समोरचा म्हणत होता, "बघितलं." काय बघितलं ते कुणी कुणाला सांगत नव्हतं. एकच तर क्लिप, त्यात सांगायचं काय?

मुख्याध्यापक देसाई सरांनी मला बोलावलं. शेजारी शाळा समितीचे अध्यक्ष शिंत्रे आबा बसले होते. शहरातून तयार जेवणाचे डबे मागवायचा त्यांचा विचार वर्षभर चालला होता. क्लिप कुणी केली ते आजतागायत सापडलेलं नाही, त्यामुळं मी पुढचं बोलत नाही.

"बाई, तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता," देसाई सर म्हणाले. "आवाज तिचाच ना?"

"तिचाच," मी म्हणाले.

त्यांनी तसं लिहिलेला कागद पुढं केला, मी सही केली. खरं सांगते, सही करताना मला हलकं वाटलं. डब्यातून विष पडलं असेल तर दोष ओतणारीचा, न चाखणारीचा नव्हे.

संध्याकाळी मालन दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"निमे, तू सही केलीस?"

"मी डोळ्यांनी बघितलं, मालन."

"काय बघितलंस?"

"सगळ्या गावानं बघितलं तेच."

"गावाचं ऱ्हाऊ दे. तू काय बघितलंस ते इचारतो मी."

उद्या अकरा वाजता सभा आहे, तिथं बोलू, असं काहीतरी मी पुटपुटले.

"उद्या फौजदार येणार हायत," ती म्हणाली. "मला घिऊन जातील. मी काय बी क्येलं न्हाई, निमे." ती जायला वळली, मग थांबली. "गुरुवारी तुला म्हटलं हुतं, आधी खा."

ती गेली आणि मी दार लावून घेतलं. हे तिनं सभेत सांगितलं तर एकतीस वर्षांची नोकरी जाणार होती. तिनं तोंड उघडायच्या आत तिला नेलं तर बरं, असा विचार माझ्या मनात आला. आला तो आला, आता नाकारून काय उपयोग.

शनिवारी सकाळची शाळा असते, आणि साडेनऊला आमचं पडदा मंडळ. नववीची नऊ पोरं, एक जुना प्रोजेक्टर, प्रयोगशाळेची पांढरी भिंत. फोन दारातल्या बादलीत टाकून आत यायचं. सगळ्यांनी एकाच भिंतीवर एकच सिनेमा बघायचा आणि मग दहा मिनिटं गप्प बसून वहीत लिहायचं. वहीत दोन रकाने, 'दिसलं' आणि 'वाटलं'. पोरांचं सगळ्यात जास्त भांडण इथंच व्हायचं. "तो रागावला" हे दिसलं नव्हे, वाटलं. "त्यानं पेला जोरात ठेवला" हे दिसलं. बाईंनीही लिहायचं, पण वाचायचं सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे पोरं बाईंचं बघून आपलं मत बदलणार नाहीत. नियम माझेच होते.

त्या दिवशी मी प्रोजेक्टरला हात लावायच्या आत आर्वी खोत उभी राहिली. ही पोरगी मोजकंच बोलते, पण बोलली की आवरत नाही.

"बाई, आज सिनेमा नको. मालनमावशीची क्लिप घेऊया."

"त्याचा निकाल अकराला लागणार आहे."

"मग निकाल लागल्यावर इचार करायचा का?" रेहान मुल्लाणी मागून म्हणाला.

दुसरा एखादा दिवस असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढला असता. पण नऊच्या नऊ पोरं माझ्याकडं बघत होती आणि सभेला दीड तास उरला होता. मी म्हटलं, घ्या फोन. क्लिप भिंतीवर लावायला गेलो तर ती लागेना, 'फोनवरच बघा' अशी सूचना आली. तेव्हाच मला काही सुचायला हवं होतं. प्रत्येकानं आपल्या फोनवर, आपल्या कोपऱ्यात, कानात इअरफोन घालून बघितली. मीही. परत तेच हसणं. मग दहा मिनिटं नुसता पेनांचा आवाज.

माझं लिहून झालं तशी मी बाकांमधून फिरू लागले. सवय. आर्वीच्या वहीत 'दिसलं'च्या रकान्यात लिहिलं होतं, 'मावशी म्हणाली: टाकतो मी, कोण बघतंय.' माझं लाल पेन आपोआप खाली गेलं आणि मी काना खोडला.

आर्वीनं वहीवर हात ठेवला. "बाई, ही चूक न्हाई. मावशी बोलली तसंच लिवलंय. ह्यो दिसलंचा रकाना हाय."

"ती 'टाकते' म्हणाली."

"टाकतो म्हणाली, बाई."

"टाकतोच म्हणाली," रेहान म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. नऊ वह्या, नऊ 'टाकतो'.

"तुमची वही वाचा की बाई," आर्वी म्हणाली.

मी वाचली. 'टाकते मी, कोण बघतंय.' चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मालन एकदाही 'टाकते' म्हणाली नव्हती. कालच माझ्या दारात 'इचारतो मी' म्हणून गेली होती. मी तिला लहानपणापासून सुधारत आले आणि ती कधी सुधारली नाही. माझ्या फोननं मात्र तिला सुधारून मला दाखवली, आणि तिखट कानाच्या बाईंना ते खटकलं नाही. उलट बरोबर वाटलं.

"डब्याचा रंग कुठला?" मी विचारलं.

आर्वीची आई दवाखान्यात साफसफाई करते. तिनं फिनेलची पांढरी बाटली लिहिली होती. रेहानच्या आजोबांचं वांग्याचं शेत आहे. त्यानं फवारणीच्या औषधाचा लाल डबा लिहिला होता. कुणी मशेरीची पुडी लिहिली होती, कुणी उंदराचं औषध. ज्या घरात ज्याची भीती, ते त्या घरच्या पोराला दिसलं होतं.

"आणि हसली किती वेळ?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"हसली?" रेहान म्हणाला. "कुठं हसली?"

एकाच्याही वहीत हसणं नव्हतं.

"बाई," आर्वी हळूच म्हणाली, "तुमचा वाटलंचा रकाना मोकळाच हाय."

भिंतीवरचं घड्याळ दहा चाळीस दाखवत होतं. मी म्हटलं, वह्या घ्या आणि चला.

सभेला दीडदोनशे माणूस होतं. पुढं शिंत्रे आबा, देसाई सर आणि फौजदार. मालन भिंतीकडेला जमिनीवर बसली होती. तिच्या आजूबाजूची जागा मोकळी सोडून लोक दाटीवाटीनं उभे होते.

देसाई सरांनी माझा कागद वाचला. "मगदूम बाईंनी आवाज ओळखलेला आहे," असं म्हणून ते फौजदारांकडं वळले, आणि मी उभी राहिले.

"ती सही मी मागं घेते."

एकदम गलका झाला. मी साजेशा फितीचं सांगितलं, वह्यांचं सांगितलं, 'टाकतो' आणि 'टाकते' सांगितलं. समोरचा एक बाप तरातरा पुढं आला. त्याचे डोळे दोन रात्री न झोपल्यासारखे लाल होते.

"माझ्या पोरीला सलाईन लागलं आणि तुम्ही आम्हाला व्याकरण शिकवालाय?"

तो बरोबर बोलत होता.

"दादा, डबा कुठल्या रंगाचा होता?" मी कसंबसं विचारलं.

"पांढरा. माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

"पांढरा कुठला, लाल हुता," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हंजे मी खोटं बोलालोय?"

मला वाटलं होतं, फरक दिसला की लोकांचे डोळे उघडतील. झालं उलटंच. प्रत्येकाला आपलं खरं आणि दुसरा लबाड वाटायला लागला. मालनला सामील आहेस म्हणून एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. फौजदार उठून उभे राहिले. "पुरे झालं, त्या मालनला गाडीत घ्या," आबा ओरडले, आणि दोन शिपाई मालनकडं निघाले. आता सगळं माझ्या हातचं गेलं होतं.

"थांबा," आर्वी बाकावर चढली होती. "एकच क्लिप हाय म्हणता न्हवं? मग सगळ्यांनी फोन काढा. आवाज पूर्ण वाढवा. मी तीन म्हटलं की एकदम लावायची. एकच असंल तर एकदम संपंल की."

आबा म्हणाले, हा काय पोरखेळ आहे. फौजदारांनी क्षणभर विचार केला आणि खिशातून स्वतःचा फोन काढला. "लावा," ते म्हणाले. "एक मिनिटाचं तर काम आहे."

एक, दोन, तीन.

दीडशे मालन एकदम बोलायला लागल्या. टाकतो, टाकते, टाकून देऊ, टाकतोय बघ. कुणाची मालन पुटपुटत होती, कुणाची शिव्या देत होती, कुणाची रडत होती. आठवड्याच्या बाजारात एवढा कालवा होत नाही. माणसं आपल्या फोनवरून मान उचलून शेजाऱ्याच्या फोनकडं बघायला लागली. मग एकेक फोन संपत गेला. इथला थांबला, तिथला थांबला. कॉलर धरणाऱ्यानं कॉलर कधी सोडली ते त्यालाही कळलं नसावं.

शेवटी एकच फोन चालू राहिला. माझा.

त्या गप्प सभागृहात माझ्या हातातली मालन हसत होती. खळखळून, ठसक्यात, थांबायचं नाव नाही. सगळं गाव ऐकत होतं. आणि त्या गावातल्या पोराटोरालाही माहीत होतं, की मालन सुतारच्या हसण्याला आवाज नसतो.

मालन उठून उभी राहिली. चारचौघांत कधी नव्हे ते तिनं मला नावानं हाक मारली.

"निमे, मी अशी हसतो व्हय?"

"नाही," मी म्हणाले. सातवीतही नव्हती हसली. हसली असेल तर खांदे हलले असतील, बास. चाळीस वर्षं माझ्या कानात वाजणारं ते हसणं माझं मीच तयार केलं होतं, आणि फोनला ते माझ्या तोंडावर सापडलं.

"मग सही करताना तुझं कान कुठं गेलं हुतं?"

मोकळ्या रकान्यात काय लिहायचं ते मला तेव्हा कळलं. लिहायला वेळ नव्हता, म्हणून मी बोलले. गुरुवारी पाळी माझी होती, घास न खाता मी रजिस्टरात सही केली, आणि दोष दुसऱ्या कुणाचा निघावा असं मला वाटत होतं, म्हणून तो निघाला तेव्हा मी बघायचं थांबवलं. हे सगळं मी दोनशे माणसांसमोर बोलले. देसाई सरांनी मान खाली घातली. मालन खाली बसली. तिच्याजवळ कुणीतरी सरकलं, बहुतेक आर्वीची आई.

फौजदार मालनला न घेता गेले. चार दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. गडबड शाळेच्या पाण्याच्या टाकीत होती, आमटीत नव्हतीच. चव घेतली असती तरी तुम्हाला कळलं नसतं, असं डॉक्टर मला म्हणाले. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. माझी चौकशी चालू आहे, आणि ती चालावीच.

त्यानंतरच्या सोमवारी आहारखोली पुन्हा उघडली. चौकशी होईपर्यंत तुम्ही पाळी घेऊ नका, असं देसाई सर म्हणाले होते. मी म्हटलं, एवढी एक पाळी घेऊ द्या. मधल्या सुट्टीच्या आधी मालन आली. तिनं ताट ठेवलं, शेजारी रजिस्टर ठेवलं आणि पदराला हात पुसत तिथंच उभी राहिली. सभेपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. हात उगीचच पेनाकडं गेला.

मालननं रजिस्टर माझ्या हाताखालून ओढून घेतलं.

"आधी खा," ती म्हणाली. "मग लिव."

मी खाल्लं. ती उभी राहून बघत होती.